गिरणीतला तिसरा

पलटणीच्या न्हाव्याला सगळे मामा म्हणत. खरा तो एकाचाच मामा. पण बहिणीचा मुलगा त्याच तुकडीत भरती झाला आणि चारचौघांत "मामा, मामा" करत मागेपुढे फिरायला लागला, तेव्हापासून शिपायापासून कॅप्टनपर्यंत अख्खी तुकडीच त्याची भाचरं होऊन बसली. मामाची त्याला हरकत नव्हती. माणूस बोलका, हात हलका, आणि सकाळी त्याच्या खुर्चीत बसल्याशिवाय कुणाला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे.

एका गोष्टीचा मात्र त्याला फार गर्व. "तोंडाचं सोंग कुणीही आणतं," तो म्हणायचा, "मान खोटं बोलत नाही. वस्तरा कंठाशी आला की माणूस माझ्यापुढे उघडा." कुणाला ताप येणार, कुणी कुणाची घोंगडी लांबवली, कुणाला घरून वाईट बातमी आली, हे तो मानेवरून सांगायचा. बऱ्याचदा बरोबर निघायचं. चुकायचं ते त्याच्या लक्षात राहत नसे. सगळ्याच जाणत्या माणसांना ही सोय असते.

तुकडीचा मुक्काम तेव्हा जिंकलेल्या गावातल्या एका बंद पडलेल्या शाळेत होता. वर्गांतून बाकं बाहेर काढून शिपायांनी अंथरुणं टाकली होती. हेडमास्तरांची हातांची खुर्ची मामानं पटकावली आणि व्हरांड्यात उजेडाला मांडली. लढाई पुढे सरकली होती, हुकूम येईपर्यंत बसून राहायचं होतं, आणि बसून राहिलेल्या सैन्याच्या हातून जे होऊ नये तेच झालं.

पुलापलीकडे पिठाची गिरणी होती. एका दुपारी तुकडीतले तिघे तिथे शिरले. गिरणीवाला म्हातारा, त्याची बायको आणि सून, तिघांनाही त्यांनी मारलं. पिठाची पोती नेली, भिंतीवरचं घड्याळ नेलं, सुनेच्या कानातलं ओरबाडून नेलं. एक चिमुरडी नात तेवढी वाचली. तिला चेहरे सांगता येत नव्हते. कुणी विचारलं की ती फक्त तीन बोटं वर करायची.

आठवडा उलटायच्या आत कुणीतरी कॅप्टनच्या कानावर घातलं आणि दोघे पकडले गेले. एक उंच म्हणून लंबू आणि दुसरा गाणी म्हणायचा म्हणून गवई. घड्याळ गवयाच्या अंथरुणात सापडलं, त्यामुळे नाही म्हणायची सोयच उरली नाही. पण तिसऱ्याचं नाव दोघांपैकी एकही घेईना.

आणि मग तुकडीला संशयाची जी खरूज लागली ती लागलीच. तिसरा कोण? जेवताना माणसं एकमेकांच्या हातांकडे बघायची. कुणी जरा लवकर उठून गेला की बाकीचे गप्प. कुणी जास्त बसला तरी गप्प. हसणाऱ्याला म्हणत, याला हसू कसं येतं; न हसणाऱ्याला म्हणत, चोराच्या मनात चांदणं. मामाच्या खुर्चीत डोळे मिटून पेंगणारी माणसं आता डोळे उघडे ठेवून बसू लागली.

दुसरा प्रश्न त्याहून मोठा होता: सांगितलं कुणी? तीन निरपराध माणसं मेली त्याचा राग थोडा, आणि ते सांगणाऱ्याचा जास्त. आपलीच माणसं आपणच विकायची म्हणजे काय, असा तुकडीचा न्याय. मला विचाराल तर हा न्याय चुलीत घालण्याच्या लायकीचा. पण तिथे मला कोण विचारतंय! मामाही त्या सुरात सूर मिसळायचा. गिऱ्हाइकाला रुचेल ते बोलणं हा त्याच्या धंद्याचा भागच. साबणाचा फेस करता करता तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "ज्यानं चुगली केली ना, त्याची जीभ झडून पडो. माझ्या खुर्चीत बसला तर उलट्या वस्तऱ्यानं सोलीन." शिपाई खूष होऊन हसायचे. भाचा जवळच खिडकीत बसलेला असायचा. तो हसत नसे.

भाचा म्हणजे मामाच्या थोरल्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. पोरगा मितभाषी, मिशी नुकती धरू लागलेली. भरतीच्या वेळी बहीण रडली नव्हती, तिनं मामाचा दंड घट्ट धरून एवढंच म्हटलं होतं, "तुझ्या पदरात टाकलाय." मामानं तेव्हा छाती ठोकून हो म्हटलं. आता तो हो त्याच्या उरावर बसला होता.

कारण सांगतो. दोघे पकडले गेल्यावर चौकशीत निघालं की मुदपाकखान्यातली पिठाची पोती गिरणीतलीच. आचाऱ्यानं कपाळ बडवून घेतलं. गोल चेहऱ्याचा, सदा हसरा माणूस. त्या दिवशी सगळ्यांसमोर रडला. "ते दोघे म्हणाले, विकत आणलंय. मी मूर्ख! मी विश्वास ठेवला आणि तुम्हाला त्याचे पाव भाजून घातले." शिपायांनीच उलट त्याची समजूत काढली. काही जण भिंतीआड जाऊन ओकले. काही जण म्हणाले, पीठ ते पीठ, त्याचा काय दोष.

मामा ओकला नाही, तो मनाशी दिवस मोजू लागला. भाच्यानं पाव कधी सोडला होता? पोती कुठली हे कळल्यावर नव्हे. त्याच्या आधी. गिरणीची गोष्ट घडली त्याच संध्याकाळपासून. "पोट दुखतंय," म्हणून त्यानं आपला पाव मामाच्या ताटात सरकवला होता, त्यानंतर रोजच सरकवत होता, आणि मामा दोन्ही पाव आवडीनं खात होता. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे न खाणाऱ्याला खवखवत होतं. पीठ कुठून आलं हे तुकडीत कुणाला माहीत नसताना या पोराला कसं माहीत होतं?

एकदा पोरावर नजर गेली आणि मग मामाला एकेक आठवायला लागलं. त्याच संध्याकाळी भाचा नळावर बूट घासत बसला होता. वरून नाही, तळवे. घासायचा, धुवायचा, उजेडात धरायचा, पुन्हा घासायचा. मामानं थट्टाही केली होती, "काय रे, सासुरवाडीला निघालास का?" कॅप्टननं त्याला दोनदा आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. कशाला, ते पोरानं सांगितलं नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मान. दाढी करताना शेजारच्या कुणीतरी तिसऱ्याचा विषय काढला, तशी भाच्याची मान वस्तऱ्याखाली लाकडासारखी ताठ झाली. पुढे कुणीतरी चुगलखोराला शिवी हासडली आणि तीच मान अशी उडाली की मामाच्या हातून रक्ताचा थेंब निघाला. कित्येक वर्षांत मामाच्या हातून कुणाला ओरखडा गेला नव्हता.

एका शब्दानं विचारलं असतं तर काम भागलं असतं. पण मामानं विचारलं नाही. उत्तर काय येईल याची त्याला खात्रीच झाली होती, आणि ते आपल्या कानांनी ऐकायची छाती नव्हती.

लष्करी न्यायालय बसलं आणि फार वेळ न लावता उठलं. लंबूला आणि गवयाला गोळ्या घालायची शिक्षा झाली. तिसरा सापडला तर तोही त्यांच्याच रांगेत, हेही जाहीर झालं. पलटणीचा रिवाज असा की मरणाऱ्याची दाढी करून, स्वच्छ सदरा घालून मग त्याला भिंतीशी न्यायचं. आणि गोळ्या झाडणारे त्याच्याच तुकडीतले निवडायचे. म्हणजे ज्यांनी कालपर्यंत एका ताटात खाल्लं त्यांनीच नेम धरायचा. दाढी अर्थातच मामानं करायची. दोघांची करायचं ठरलं तेव्हापासून मामाच्या डोळ्यांसमोर तिसरीच मान यायची, आणि ती त्यानं लहानपणी न्हाऊ घातलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आचारी दाढीला आला. खुर्चीत ऐसपैस बसला, मान मागे टाकली आणि जांभई दिली.

"मामा, तुझा भाचा माझ्या पावाला शिवत नाही हल्ली. माझ्यावर रुसलाय का?"

"पोट बिघडलंय त्याचं."

"पोटं सगळ्यांचीच बिघडली. पण नंतर. याचं आधीच बिघडलं, नाही का?"

मामाचा हात थांबला. आचाऱ्याची मान लोण्यासारखी मऊ, जराही हलली नाही.

"घाबरू नकोस," आचारी हळूच म्हणाला. "मी कुणाजवळ बोललो नाही, बोलणारही नाही. पण कॅप्टनच्या खोलीत चहा मी नेतो. नको म्हटलं तरी कानावर पडतं. तिसरा कोवळा पोरगा आहे म्हणतात. आज-उद्या उचलतील."

मामानं वस्तरा खाली ठेवला. इतके दिवस आतल्या आत धरून ठेवलेलं त्याच्या तोंडून निसटलं. "मी काय करू रे? बहिणीला काय तोंड दाखवू?"

आचाऱ्यानं इकडेतिकडे पाहिलं. "माझी घोडागाडी आज दुपारी घाटाकडे जायची आहे, सरपणाला. नाक्यावर मला कोण अडवतंय? सगळे माझ्याच हातचं खातात. रिकाम्या पोत्यांखाली एक पोरगा मावेल. घाटापलीकडे आपली हद्द संपली."

"तू एवढं करशील?"

"तुझ्यासाठी करीन. मलाही घरी लेकरं आहेत, मामा."

मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. साऱ्या तुकडीत एवढा एकच माणूस माणसासारखा राहिलाय, असं त्याला वाटलं. त्यानं उरलेली दाढी फार जपून केली आणि चेहऱ्यावर जास्तीचं कोमट पाणी फिरवलं.

भाच्याला गाठून त्यानं नकाशांच्या खोलीत नेलं. गुंडाळलेले नकाशे, मोडका पृथ्वीगोल, धूळ. दार लोटून मामा म्हणाला, "मला सगळं कळलंय."

भाच्याचा चेहरा पांढराफटक पडला. "कुणी सांगितलं?"

"कुणी का सांगेना. तुकडीत कुणकुण लागलीय. आज-उद्या तुझ्यावर येणार."

"मामा, मी तुला सांगणारच होतो. त्या दिवशी मी पुलावर पहाऱ्याला—"

"नको!" मामानं त्याच्या तोंडावर हातच ठेवला. "एक अक्षर सांगू नकोस. मला माहीतच नसलं तर मारूनमुटकून तरी माझ्याकडून कोण काय काढणार?"

भाचा त्या हाताकडे बघत राहिला. मग त्यानं अगदी लहान आवाजात विचारलं, "तुला माझा राग नाही आला?"

"राग येऊन कुणाला सांगू? बहिणीचा मुलगा तू. केलंस ते केलंस."

"मला दुसरं काही करताच आलं नाही, मामा." पोराला रडू फुटलं. "रात्री झोप येत नाही. ती म्हातारी डोळ्यांसमोरून जात नाही."

आता शंकेला जागाच राहिली नाही. मामा पोराच्या पाठीवरून हात फिरवत होता आणि त्याच वेळी ती पाठ त्याला नकोशी झाली होती. दोन्ही खरं होतं.

"कॅप्टनना सांगून जाऊ?" भाच्यानं विचारलं.

"वेड लागलंय का तुला? आचाऱ्याच्या गाडीत पोत्यांखाली बस. घाट ओलांड आणि पुढे मागे वळून बघू नकोस."

"पळालो तर गोळी घालतात."

"इथे राहिलास तर नक्की घालतील. दगडापेक्षा वीट मऊ."

भाच्यानं मान हलवली. मामा एवढी घाई करतोय म्हणजे तुकडीनं आपल्याला संपवायचं ठरवलंच असणार, असं त्याला वाटलं. चुगलखोराला पाठीत गोळी बसते आणि ती शत्रूची होती म्हणून नोंद होते, हे भरती झालेल्या नवख्यालाही ठाऊक असतं. मामाला काय वाटत होतं ते आपल्याला माहीतच आहे. दोघं एकमेकांना मिठी मारून उभे होते आणि दोघांच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

दुपारच्या जेवणाआधीच गाडी निघाली. आचाऱ्यानं पोत्यांवर पोती टाकली, वरून दोराचं वेटोळं ठेवलं. "मी सांगेपर्यंत हलायचं नाही हं," त्यानं पोत्यांना दम दिला आणि मामाकडे बघून डोळा मारला. लगाम हातात घेऊन त्यानं घोड्याला एक लांब, संथ शीळ घातली. आचाऱ्याला शीळ येते हे मामाला नवीनच होतं. गाडी फाटकातून बाहेर पडली, पहारेकऱ्यानं सलामी ठोकून थट्टा केली, आणि मामा बऱ्याच दिवसांनी मोकळा श्वास घेऊन व्हरांड्यात आला.

तिसऱ्या प्रहरी कॅप्टन आला आणि न बोलता खुर्चीत बसला. मामानं फेस लावला. तो नेहमीपेक्षा सावकाश काम करत होता.

"गवयानं तोंड उघडलं," कॅप्टन म्हणाला.

मामाचा वस्तरा हवेतच राहिला.

"काय गंमत बघा. इतके दिवस कोठडीत त्याला मुदपाकखान्यातून गरम जेवण जात होतं. खास. का जातंय, मला कळत नव्हतं. आज दुपारी आलं नाही. तेवढ्यावरून चिडला आणि सगळं ओकला. तिसरा आचारी आहे, मामा. पिठासाठी गिरणीत जायची कल्पना त्याचीच, आणि सुनेच्या अंगावर हात टाकणाराही पहिला तोच."

मामानं वस्तरा खाली ठेवला.

"तुमच्या भाच्याला बोलवा. ओळख पटवायला तोच हवा मला." कॅप्टन आरशातून त्याच्याकडे बघत होता. "आता लपवण्यात अर्थ नाही, म्हणून सांगतो. मला खबर त्यानंच दिली. पुलावर पहाऱ्याला होता. किंकाळी ऐकून धावला, पण उशीर झाला होता. दोघांचे चेहरे दिसले. तिसरा पाठमोरा, पोती घालून गिरणीचीच गाडी हाकत, शीळ घालत मागच्या वाटेनं निघाला होता. हा आत गेला आणि त्या तसल्या रक्तातून चालत जाऊन ती पोर त्यानं बाहेर काढली, गुपचूप गावात पोचवली. माझ्याकडे आला तेव्हा उभं राहवत नव्हतं त्याला. म्हणाला, साऱ्या तुकडीला कळलं तरी चालेल साहेब, पण मामाला कळू देऊ नका. मामाला चुगलखोर आवडत नाहीत."

बूट. पाव. मान. सगळं जागच्या जागी होतं, फक्त मामानं ते उलटं धरलं होतं. आणि जी मान त्याला लोण्यासारखी मऊ लागली होती, त्याच माणसाच्या हाती त्यानं पोर दिलं होतं. पोर नाहीसं झालं की साक्षीदार उरणार नव्हता आणि तिसरा म्हणून पळालेलं पोरच ठरणार होतं.

"कुठे आहे तो?" कॅप्टननं विचारलं.

लढाईत पळून जाणाऱ्याला गोळी, आणि पळायला मदत करणाऱ्यालाही गोळीच. मामाच्या मनात त्या वेळी स्वतःची मान आली, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. "दिसला नाही सकाळपासून," एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. तो शब्द जिभेवर आलाही होता.

"आचाऱ्याच्या गाडीत," मामा म्हणाला. "पोत्यांखाली. मी बसवला. मला वाटलं... साहेब, आधी गाडी अडवा. मग माझं काय करायचं ते करा."

कॅप्टन अर्ध्या गालावर फेस घेऊनच टेलिफोनकडे धावला.

गाडीनं नाका केव्हाच ओलांडला होता. घोडेस्वार मागे गेले. गाडी त्यांना घाटाच्या अलीकडे, रस्ता सोडून आत झाडीत उभी सापडली. घोडा मोकळा सोडलेला, चरत होता. आचारी गाडीच्या दांडीवर बसला होता आणि सरपणाची कुऱ्हाड त्याच्या मांडीवर आडवी होती. "घोड्याला विसावा देतोय," तो म्हणाला. पोत्यांखाली भाचा जिवंत होता. त्याला हलायचं नाही म्हणून सांगितलं होतं आणि तो हलला नव्हता.

कॅप्टननं वर कळवलं की आचाऱ्यावर नजर ठेवायला आपणच या शिपायाला गाडीतून पाठवलं होतं. या एका थापेनं भाचाही वाचला आणि मामाही. मामा पाया पडायला गेला तेव्हा कॅप्टननं पाय मागे घेतले. "तुमच्यासाठी नाही केलं मी," तो म्हणाला आणि निघून गेला.

भाच्यानं न्यायालयापुढे साक्ष दिली. सगळ्या तुकडीसमोर, ताठ उभा राहून. तुकडीला आता कळलं की खबर कुणी दिली, आणि नवल म्हणजे कुणाचीच जीभ वळवळली नाही. आचारी त्यांचा आवडता होता आणि त्यानंच त्यांना ते पाव चारले होते. त्यामुळे चुगलखोर हा शब्द एकाएकी कुणाला आठवेनासा झाला. माणसं अशीच असतात.

शिक्षेच्या दिवशी पहाटे मामानं तिघांची दाढी केली. लंबू देवाचं नाव घेत होता. गवई रडत होता, त्याची मान धरून ठेवावी लागली. आचारी शेवटी बसला, मान मागे टाकली आणि म्हणाला, "मामा, मी त्याला घाटापलीकडे सोडणारच होतो. तुला शब्द दिला होता."

"मग झाडीत का थांबलास?"

"विचार करत होतो," आचारी म्हणाला.

मामानं त्याच्या कंठावर बोटं टेकली. मान मऊ होती. तीत काहीच नव्हतं. खरं नाही, खोटं नाही, भीतीसुद्धा नाही. मामाच्या हातात वस्तरा होता आणि मनात काय काय येऊन गेलं. पण त्यानं दाढी पुरी केली. थोड्या वेळानं शाळेच्या मागच्या भिंतीकडून बंदुकांचा आवाज आला. ज्या शिपायांनी त्या झाडल्या ते परत येऊन व्हरांड्यात नुसते बसून राहिले. त्यांतला एक जण खूप वेळ आपल्या हातांकडे बघत होता.

गाडीच्या दिवसापासून भाचा मामाशी बोलला नव्हता. रागानं नव्हे, समोर आला की काहीतरी विचारावं तसा थांबायचा आणि पुढे जायचा. त्या सकाळी मामाच नळावर त्याच्याजवळ जाऊन बसला.

"बोल बाबा. शिव्या दे. पण बोल."

भाच्यानं नळ बंद केला. "गाडीत शीळ ऐकली आणि मी ओळखलं, तिसरा हाच. तेव्हा मला वाटलं, तूच मला त्याच्या हवाली केलंस. चुगली केली म्हणून. मग हलावंसंच वाटलं नाही."

"अरे! मी? तुला?"

"पोत्यांखाली दुसरं काय वाटणार? तू म्हणाला होतास, सगळं कळलंय." पोरगा थांबला. "तुला ते कळलंच नव्हतं ना? कॅप्टननी सांगितलं, तुला त्यांच्याकडून समजलं. मग तुला काय कळलं होतं, मामा?"

मामाला खोटं बोलता आलं असतं. आयुष्यभर गिऱ्हाइकाला रुचेल तेच बोलत आलेला माणूस तो. पण भाचा त्याच्या तोंडाकडे बघत होता, आणि मामा गप्प राहिला तेवढं पुरे झालं.

"तुला वाटलं, तो मी."

"तू पाव सोडलास. बूट धूत होतास. मला वाटलं..." मामा उघड्यावर, शिपाई येत-जात असताना, तोंडावर हात घेऊन रडायला लागला. "माझं चुकलं रे. मी तुझ्यावर असा संशय घेतला. मला माफ कर."

भाचा रागावलेला दिसत नव्हता. काहीतरी नीट समजून घेत असावा तसा दिसत होता.

"संशयाचं एवढं नाही," तो शेवटी म्हणाला. "मीही घेतलाच की. पण त्या बायकांना मी मारलं असं तुला वाटत होतं, आणि तरी तू मला पळवायला निघालास?"

"बहिणीचा मुलगा तू. मी दुसरं काय करणार होतो?"

"ती पोर अजून तीन बोटं दाखवते, मामा." भाच्यानं बादली उचलली. "मी तसा असतो ना, तर तू मला धरून द्यायला हवं होतंस."

तो पाणी घेऊन वर्गाकडे गेला. मामा नळापाशीच बसून राहिला. व्हरांड्यात खुर्चीजवळ दोन शिपाई दाढीला येऊन थांबले होते आणि त्याला हाका मारत होते.